संगणकाचे थर: ५ + ३ ही बेरीज वरपासून तळापर्यंत

पिंपळपान
८ जुलै, रात्री १०:१२

संगणक कसा चालतो हे सांगणाऱ्यांचे दोन पंथ मला भेटतात. एक पंथ "शेवटी सगळं शून्य आणि एकच असतं" एवढं बोलून थांबतो. दुसरा सिलिकॉनच्या स्फटिकापासून सुरुवात करतो, आणि गेटपर्यंत (० आणि १ वर काम करणाऱ्या छोट्या सर्किटापर्यंत) पोचेस्तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो. दोन्हीकडे मधले जोड राहून जातात. ट्रान्झिस्टर (विजेने चालू-बंद होणारा सूक्ष्म स्विच) म्हणजे काय ते माहीत असतं, पायथनही येत असतं, पण या दोघांचा एकमेकांशी संबंध काय असं विचारलं की चांगले नोकरीतले इंजिनियरही अडखळतात.

माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक थर पुरता शिकायचा हट्ट धरू नये. एकच छोटी गोष्ट घ्यावी आणि ती सगळ्या थरांतून तळापर्यंत नेऊन बघावी. ती वाट एकदा पायाखालून गेली की मग ज्याला ज्या थरावर राहायचंय त्याने तिथे खुशाल राहावं. म्हणून आज ५ + ३.

यासाठी आजचा प्रोसेसर घेत नाही, त्यात एकाच वेळी फार गोष्टी चालतात. ८०८५ घेते. इंटेलने १९७६ साली आणलेला, ४० पिनचा, सुमारे साडेसहा हजार ट्रान्झिस्टरचा. मुंबईत डिप्लोमा किंवा इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री केलेल्या कितीतरी जणांनी त्याचं किट लॅबमध्ये बडवलेलं आहे: हेक्सचा (सोळाच्या पायाच्या आकड्यांचा, ० ते ९ आणि ए ते एफ) कीपॅड, वर लाल आकड्यांचा डिस्प्ले, आणि बाकावर सरांची सही घ्यायला थांबलेलं जर्नल.

सुरुवात वरून. सी भाषेत कोणी "उत्तर = ५ + ३" असं लिहिलं, तर बहुतेक वेळा ही बेरीज प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही. कंपायलरला (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या सूचनांत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) दोन्ही आकडे आधीच दिसत असतात. तो स्वतःच ८ काढतो आणि प्रोग्रॅममध्ये नुसता ८ ठेवून देतो. यंत्राकडून खरोखर बेरीज करून घ्यायची तर आकडे आधी ठाऊक नसावे लागतात, कीबोर्डवरून किंवा फाइलमधून यावे लागतात. म्हणजे पहिल्याच थरावर हे कळतं की आपण लिहिलेलं शब्दशः पाळलं जात नाही, फक्त त्याचा परिणाम राखला जातो.

किटवर मात्र कंपायलर नसतो. आपणच हेक्समध्ये भरतो (ए आणि बी म्हणजे रजिस्टर, प्रोसेसरच्या आतल्या आकडा ठेवायच्या छोट्या जागा):

२००० : ३ई ०५ — ए मध्ये ५ ठेव
२००२ : ०६ ०३ — बी मध्ये ३ ठेव
२००४ : ८० — बी मधला आकडा ए मध्ये मिळव
२००५ : ३२ ५० २० — ए मधलं उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव
२००८ : ७६ — थांब

झाले नऊ बाइट. चौथ्या ओळीत पत्ता उलटा दिसतो, ५० आधी आणि २० नंतर. इंटेलच्या घराण्यात पत्त्याचा खालचा बाइट आधी लिहितात, आणि नव्या मुलांचे प्रोग्रॅम हमखास इथे अडतात.

आता त्या ८० कडे नीट बघा. बायनरीत तो १०००० ०००. पहिले पाच बिट म्हणतात "मिळव", शेवटचे तीन म्हणतात "काय मिळवायचं". ००० म्हणजे बी. सी मिळवायचा असता तर शेवटी ००१ आलं असतं, म्हणजे हेक्समध्ये ८१. ए चा क्रमांक १११. आता ३ई आणि ०६ फोडून बघा: ०० १११ ११० आणि ०० ००० ११०. मधले तीन बिट तेवढे बदलले.

सगळ्या प्रवासात मला हा मुक्काम सगळ्यात जास्त आवडतो, कारण सॉफ्टवेअर इथे संपतं. हे तीन बिट कोणी वाचत नाही, त्यांचा अर्थ कोणी लावत नाही. त्या तीन तारा आहेत. त्या डिकोडरमध्ये शिरतात आणि आठांपैकी एक वाट उघडते: सात रजिस्टर, आणि ११० हा क्रमांक मेमरीसाठी राखलेला. "सूचना" हा शब्द आपल्या सोयीचा. प्रोसेसरच्या दृष्टीने त्या आठ तारांवर कुठे व्होल्टेज आहे आणि कुठे नाही, एवढंच.

याला वेळ किती लागतो? घड्याळाच्या टिक मोजल्या तर पाच सूचनांच्या अनुक्रमे ७, ७, ४, १३ आणि ५. एकूण ३६. घड्याळ ३ मेगाहर्ट्झचं असेल तर १२ मायक्रोसेकंद. यात बेरजेच्या वाट्याला ४ टिक आल्या, आणि त्यासुद्धा ती सूचना मेमरीतून उचलून आणण्यात जातात. उत्तर ठेवून यायला १३. संगणकाचा वेळ हिशेबात कमी आणि ने-आण करण्यात जास्त जातो, ही गोष्ट १९७६ मध्येही खरी होती.

आणखी खाली. ५ म्हणजे ०१०१ आणि ३ म्हणजे ००११. उजवीकडून बेरीज करा: १ आणि १, लिहायचं ०, हातचा १. पुढे ०, १ आणि हातचा: पुन्हा ०, हातचा १. पुढे १, ० आणि हातचा: पुन्हा तेच. चौथ्या घरात हातचा एकटा उतरतो. १०००, म्हणजे ८. हे आकडे मी मुद्दाम निवडले, कारण यात हातचा थेट टोकापर्यंत सरकत जातो.

एका घराचं काम एवढंच: तीन बिट आत (दोन आकड्यांचे आणि हातचा), दोन बिट बाहेर (उत्तर आणि पुढचा हातचा). हे काम नुसत्या नॅन्ड गेटनी होतं. नॅन्ड म्हणजे दोन्ही इनपुट १ असतील तरच ०, एरवी १. एका घराला नऊ नॅन्ड पुरतात. ७४०० या चौदा पिनच्या आयसीत चार नॅन्ड असतात, तेव्हा चार घरांना ३६ गेट, म्हणजे बरोबर नऊ आयसी. ब्रेडबोर्डवर लावून बोट ठेवून दाखवता येईल अशी ही बेरीज आहे. (८०८५ च्या पोटातली मांडणी वेगळी आणि आटोपशीर आहे, पण तत्त्व हेच.)

आणि हातचा सरकायला वेळ लागतो. ७४एलएस०० (त्याच ७४०० ची कमी वीज खाणारी आवृत्ती) च्या गेटला साधारण १० नॅनोसेकंद, हातच्याच्या वाटेवर प्रत्येक घरात दोन गेट, म्हणजे घराला २०. चौसष्ट घरांची बेरीज अशी केली तर हातचा टोकाला पोचायला सव्वा मायक्रोसेकंद लागेल. तो पोचेपर्यंत उत्तर चुकीचं दिसत असतं! घड्याळ लागतं ते यासाठी. "सगळं स्थिरावलं, आता उत्तर उचला" हे सांगायला कोणीतरी हवं. प्रोसेसरचं घड्याळ हवं तेवढं पळवता येत नाही याचं पहिलं कारण इथेच सापडतं. मोठ्या प्रोसेसरमध्ये हातचा आधीच ताडणारी वेगळी सर्किटं त्यामुळेच असतात.

गेटच्याही खाली गेलं की शून्य आणि एक उरत नाहीत. ७४०० च्या मूळ कुटुंबात (टीटीएल) इनपुटवर ०.८ व्होल्टपर्यंत काहीही आलं तर ते शून्य, २ व्होल्टच्या वर काहीही आलं तर एक. देणाऱ्या गेटवर अट जास्त कडक: शून्य देशील तर ०.४ च्या आत दे, एक देशील तर २.४ च्या वर दे. मधल्या ०.४ व्होल्टमध्ये तारेवरचा गोंगाट, शेजारच्या पंख्याची खरखर, सैल जोडणी हे सगळं जिरून जातं. डिजिटल म्हणतात ते हेच. देणारा जास्त नेमकं देतो, घेणारा थोडं ढिलं चालवून घेतो, आणि म्हणून लाखो गेटमधून गेल्यावरही आकडा बिघडत नाही.

त्याखाली ट्रान्झिस्टर. आजच्या चिपमध्ये साधा नॅन्ड चार ट्रान्झिस्टरांचा असतो: दोन वरच्या बाजूला समांतर, दोन खाली एकापाठोपाठ. खालचे दोन्ही चालू झाले तरच आउटपुट जमिनीला जोडला जातो. "दोन्ही असतील तरच" हा तर्काचा नियम, आणि एकापाठोपाठ जोडलेले दोन स्विच ही तारेची मांडणी. इथे ते दोन्ही एकच होऊन बसतात. क्लॉड शॅननने १९३७ साली आपल्या एमआयटीतल्या प्रबंधात रिले आणि स्विचच्या सर्किटांना बूलचं बीजगणित लागू पडतं हे दाखवलं, त्याचा गाभा हाच. तेव्हा ट्रान्झिस्टर जन्मालाही आला नव्हता. तो आला डिसेंबर १९४७ मध्ये, बेल लॅब्जमध्ये.

मी इथे थांबते. याच्या खाली भौतिकशास्त्र आहे आणि वर ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क असं बरंच राहिलंय. ज्यांचा हात ज्या थरावर रोज फिरतो त्यांनी भर घालावी.


विक्रोळी_फास्ट
८ जुलै, रात्री ११:०५

लेख एका दमात वाचला. ३ई आणि ०६ ची फोड माझ्या कॉलेजात कोणी दाखवली असती तर बरं झालं असतं, आम्ही नुसती ओपकोडची शीट पाठ केली.

पण एक मनापासून विचारतो. मी वेब ॲप्लिकेशन लिहितो. माझ्या आणि त्या गेटच्या मध्ये ब्राउझर आहे, जावास्क्रिप्टचं इंजिन आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आहे. हे थर केलेतच अशासाठी की मला खालचं बघावं लागू नये. मग मी का बघावं?


पिंपळपान
८ जुलै, रात्री ११:४०

रोज बघायची गरज नाही, हे अगदी मान्य. पण वेळ हा सगळ्या थरांतून आरपार वर येतो. तो कुठलाच थर लपवू शकत नाही.

ढोबळ आकडे देते. प्रोसेसरला आपल्या अगदी जवळच्या कॅशमधून (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आकडा मिळायला १ नॅनोसेकंदाच्या आसपास लागतं. रॅममधून आणायला १०० च्या आसपास. चांगल्या एसएसडीतून सुमारे १०० मायक्रोसेकंद. फिरत्या हार्ड डिस्कमधून १० मिलिसेकंद. हे आकडे मनात बसत नाहीत, म्हणून नॅनोसेकंदाला सेकंद माना. मग कॅश एका सेकंदात देते, रॅम पावणेदोन मिनिटं लावते, एसएसडी एका दिवसाहून जास्त, आणि हार्ड डिस्क जवळजवळ चार महिने.

आता तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक मोठा तक्ता आहे. तो ओळीने वाचला तर प्रोसेसर एका खेपेत ६४ बाइट आणतो, त्यात चार बाइटचे १६ आकडे येतात, पुढचे पंधरा फुकट. तोच तक्ता स्तंभाने वाचला तर प्रत्येक आकड्यासाठी नवी खेप. कोड दोन्हीकडे तेवढाच, उत्तर तेच, आणि वेळ कित्येक पट. जावास्क्रिप्टमध्येही हे दिसतं. खालचा थर माहीत नसेल तर माणूस अशा वेळी जास्त महागडा सर्व्हर मागवतो.


सोल्डर_आणि_शिसं
९ जुलै, सकाळी ८:२०

ताई, तुम्ही वरून खाली गेलात. आम्ही रिपेअरवाले खालून वर येतो. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बसतो, लॅमिंग्टन रोडच्या (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) एका गल्लीत. आता पाऊस लागलाय, त्यामुळे टेबलावर बोर्डांची रांग आहे.

गिऱ्हाईक सांगतो, "लॅपटॉप बंद पडला." हे वाक्य सगळ्यात वरच्या थराचं. माझं काम म्हणजे तो कुठल्या थरावर बंद पडला ते शोधणं. तपासायचा क्रम ठरलेला. चार्जरचे १९ व्होल्ट जॅकच्या पुढे आले का? आले, तर ३.३ आणि ५ व्होल्टच्या कायम चालू लाइन उभ्या आहेत का? आहेत, तर पॉवरचं बटण दाबल्यावर बाकीच्या सप्लाय एकामागून एक येतात का? प्रोसेसरच्या कॉइलवर १ व्होल्टच्या आसपास दिसतं का? क्लॉक आहे का? रीसेट सुटला का? मग बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमच्या) आठ पिनच्या चिपवर स्कोप (तारेवरचं व्होल्टेज पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावायचा. डेटाच्या पिनवर खळबळ दिसली की समजायचं, फर्मवेअर वाचायला सुरुवात झाली. इथपर्यंत स्क्रीन काळीच असते. गिऱ्हाईकाच्या लेखी मशीन मेलेलं आहे, आणि आमच्या लेखी ते सात पायऱ्या चढून आलेलं आहे. एक पायरी जरी सोडून उडी मारली तर चांगली चिप उगाच उपसली जाते. प्रोसेसरला रीसेटच सुटत नसेल तर विंडोज परत टाकून काय होणार? पण असं करून आलेली मशीन दर आठवड्याला बघतो, लोकांचे पैसे गेलेले असतात, फार वाईट वाटतं.

डेस्कटॉपचं सांगतो, घरी करता येईल असं. सुरूच होत नसेल तर एसएमपीएसचा (आतल्या पॉवर सप्लायच्या डब्याचा) २४ पिनचा कनेक्टर बोर्डातून काढा, त्यातली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला तारेच्या तुकड्याने जोडा. सप्लाय ठीक असेल तर पंखा फिरेल. मग मीटर लावा. पिवळ्यावर ११.४ ते १२.६ च्या मध्ये यायला हवं. एसएमपीएसचा डबा स्वतः मात्र कधी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहतो.

आणि पावसातली नेहमीची केस: मशीन चालू होतं, पंखा फिरतो, डिस्प्ले नाही. समुद्राची हवा आणि दमट घर, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. रॅम काढून पट्ट्या खोडरबरने पुसल्या, परत घट्ट बसवली की पुष्कळदा काम होतं.


अर्धविराम
९ जुलै, सकाळी १०:३३

सोल्डरदादा, खोडरबरबद्दल थोडं वेगळं मत आहे. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. रबर खरखरीत असेल तर घासून खालचा निकेल उघडा पडतो आणि पुढच्या पावसात तो आणखी लवकर बिघडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरलं तर जास्त बरं.

मूळ लेखाबद्दल. आवडला, पण एका गोष्टीवर जोर द्यायला हवा होता. थर ही माणसाने केलेली सोय आहे, आणि ती गळते. ८०८५ मध्ये सूचना आणि तारा यांचं नातं थेट होतं. आजचा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर तुमची सूचना घेतो, तिचे आतल्या आत बारीक तुकडे करतो, त्यांचा क्रम बदलतो, पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून आधीच कामाला लागतो, आणि अंदाज चुकला तर केलेलं पुसून टाकतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सगळं ओळीने झाल्यासारखं दिसतं.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर जाहीर झाले तेव्हा कळलं की ते पुसणं पुरतं होत नव्हतं. चुकलेल्या अंदाजाच्या खुणा कॅशमध्ये राहत होत्या, आणि वेळ मोजून त्या खुणा वाचता येत होत्या. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती, सूचना बरोबर होत्या, तरी गुपित बाहेर. २०१४ मधलं रोहॅमर त्याहून खालचं: रॅमची एकच ओळ पुन्हा पुन्हा उघडत राहिलं की शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. तिथे तर विजेच्या थरातून थेट सुरक्षेच्या थरात पाणी येतं.


पिंपळपान
९ जुलै, दुपारी १:१५

अर्धविराम, हा जोर हवा होता हे खरं. फक्त मी "सोय" म्हणणार नाही, करार म्हणेन. ०.८ आणि २ व्होल्ट हा करार, ८० म्हणजे "बी मिळव" हाही करार. मेल्टडाउनमध्ये सूचनांच्या करारातलं एकही कलम मोडलं नव्हतं. त्या करारात उत्तराबद्दल सगळं लिहिलेलं होतं आणि वेळेबद्दल काहीच नव्हतं. शिरकाव तिथून झाला. म्हणून मला वाटतं, कुठलाही थर शिकवताना तो काय कबूल करतो याच्या जोडीला तो कशाबद्दल गप्प आहे हेही शिकवायला हवं.


जुना_देवनार
९ जुलै, संध्याकाळी ६:५०

मंडळी, चर्चा वाचून राहवलं नाही. निवृत्त आहे, आयुष्य इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेलं.

हे सगळे थर आपल्या मुंबईत एकाच छपराखाली उभे राहिले होते, हे नव्या मुलांना ठाऊक असावं म्हणून लिहितो. टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका गटाने स्वतः संगणक बांधला. चाचणीपुरतं छोटं यंत्र १९५६ मध्ये चालू झालं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. निर्वात नळ्यांचं यंत्र, सुमारे २,७०० नळ्या. ४० बिटचा शब्द, आणि मेमरी २,०४८ शब्दांची. गुणाकार करून बघा: ८१,९२० बिट, म्हणजे आजच्या मोजणीत दहा किलोबाइट.

ती मेमरी फेराइटच्या कड्यांची. एका बिटाला एक कडं, मोहरीपेक्षा थोडं मोठं, आणि त्यातून ओवलेल्या बारीक तारा. अशी जाळी मी नोकरीत हातात धरून पाहिली आहे (टिफ्रॅकची नव्हे, नंतरच्या एका यंत्राची). कड्याचं चुंबकत्व एका दिशेला म्हणजे शून्य, उलट दिशेला म्हणजे एक. वाचायचं तर त्याला शून्याकडे ढकलायचं. ते आधी एक असेल तर उलटताना तारेत झटका उमटतो. म्हणजे वाचलं की पुसलं गेलं, आणि लगेच परत लिहावं लागायचं.

मुलांना हे जुनाट वाटेल. पण आज तुमच्या मोबाइलमधली डीरॅमही वाचताना पुसली जाते आणि परत लिहिली जाते. तिथे कड्याऐवजी सूक्ष्म कपॅसिटर असतो, आणि तो गळतो, म्हणून न वाचताही साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळे बिट ताजे करावे लागतात. कडं मात्र वीज गेली तरी विसरत नसे. त्या काळी बिघाड शोधणाऱ्याला नळीपासून प्रोग्रॅमपर्यंत सगळं यावं लागे, कारण विचारायला दुसरं कोणी नव्हतंच.


हातचा_एक
९ जुलै, रात्री ९:०८

काका, हे आम्हाला कोणत्याच विषयात शिकवलं नाही. धन्यवाद. मी तिसऱ्या वर्षाला आहे.

आजच्या काळातली भर: पवईत आयआयटी मुंबईने अजित नावाचा प्रोसेसर केला, मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबमध्ये १८० नॅनोमीटरवर तो बनला. मद्रासच्या आयआयटीचा शक्ती आहे, तो रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचावर. खुला म्हणजे पिंपळपान ताई म्हणतात तो सूचनांचा करार कोणीही फुकट वापरू शकतो, त्याखाली आपला प्रोसेसर स्वतः रचू शकतो. ज्यांना ८०८५ नंतर पुढे जायचंय त्यांनी मूळ रिस्क-फाइव्ह बघावा. मूळ संचात पन्नासच्याही आत सूचना आहेत, आणि तिथेही बिटची फोड करायला तेवढीच मजा येते.


मोगरा_मुलुंड
१० जुलै, दुपारी ३:२५

मी गृहिणी आहे, तांत्रिक काही येत नाही, पण धागा पूर्ण वाचला. मुलगी अकरावीत आहे, तिला वाचून दाखवला. "ब्रेडबोर्डवर बोट ठेवून दाखवता येईल अशी बेरीज" हे वाक्य तिने धरून ठेवलंय. नऊ आयसी एकदम नको वाटतं. काय आणायचं आणि कुठून सुरुवात करायची, कोणी सांगाल का? घरी शॉक वगैरे बसायची भीती?


सोल्डर_आणि_शिसं
१० जुलै, रात्री ९:५५

वहिनी, शॉकची भीती नाही. सगळं ५ व्होल्टवर चालतं, मोबाइलच्या चांगल्या चार्जरवर. २३० व्होल्टच्या कशालाही हात लावायचा नाही, एवढं बघा.

दोन घरांची बेरीज करू दे आधी. तीनच आयसी लागतात: ७४एचसी८६, ७४एचसी०८, ७४एचसी३२ (अनुक्रमे एक्सॉर, अँड आणि ऑर गेटचे). एका घराला दोन एक्सॉर (दोनांपैकी एकच १ असेल तर १), दोन अँड (दोन्ही १ असतील तरच १) आणि एक ऑर (एक जरी १ असेल तर १), म्हणजे दोन घरांत ८६ आणि ०८ पूर्ण वापरले जातात. शिवाय एक ७४एचसी०० घ्या, पुढे लागेल. ब्रेडबोर्ड, जंपर वायर, पाच-सहा एलईडी, प्रत्येक एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर, आणि इनपुटला छोटे स्विच. दुकानात एलएस देतील तर "एचसी हवंय" म्हणून सांगा. एलएसचा आउटपुट वर करंट फार कमी देतो, एलईडी मिणमिणतो आणि पोरं समजतात सर्किट चुकलं.

प्रत्येक आयसीच्या १४ आणि ७ नंबर पिनच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नक्की लावायचा. विसरलं तर कधी चालतं, कधी नाही. तसलं काम शोधून काढणं मोठ्यांनाही जड जातं.


मोगरा_मुलुंड
१३ जुलै, रात्री ८:४०

सामान आणलं. ३ + ३ केलं, तीन एलईडीवर ११० आलं! ती विचारते आहे की एका स्विचची वायर काढली तर दिवे आपोआप बदलतात, नुसतं बोट जवळ नेलं तरी. असं का? आणि यंत्राला उत्तर "लक्षात" कसं राहतं, कारण इथे स्विच बदलला की आधीचं उत्तर जातं.


पिंपळपान
१३ जुलै, रात्री १०:३०

मोगरा ताई, दोन्ही प्रश्न अगदी मर्मावरचे आहेत, तिला नक्की सांगा.

पहिला: एचसी कुटुंबात इनपुट जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायर काढली की ती पिन कोणाच्याच ताब्यात नसते, आणि हवेतून, बोटातून जे काही येईल त्याने हलते. म्हणून कुठलंही इनपुट मोकळं सोडायचं नाही. १० किलोओहमने जमिनीला जोडून ठेवायचं, स्विच दाबला की ५ व्होल्ट. न वापरलेल्या गेटची इनपुटंही जमिनीला.

दुसऱ्यासाठी तो ७४एचसी०० काढा. १४ ला ५ व्होल्ट, ७ जमिनीला. पिन ३ वरून पिन ४ ला वायर, पिन ६ वरून पिन २ ला वायर. पिन १ आणि पिन ५ प्रत्येकी १० किलोओहमने ५ व्होल्टला. ९, १०, १२, १३ जमिनीला. पिन ३ आणि पिन ६ वर एकेक एलईडी, रेझिस्टरसकट. आता पिन १ ला जमिनीची वायर क्षणभर टेकवा: ३ चा दिवा लागेल, आणि वायर काढली तरी लागलेलाच राहील. मग पिन ५ ला टेकवा, ३ विझून ६ चा लागेल. हा झाला एक बिट. ८०८५ चं ए रजिस्टर आठ बिटचं असतं. आठही बिटांना घड्याळाच्या एकाच टिकेला लिहायला लावायचं कसं, हे तिने आधी स्वतः कागदावर काढून बघावं, आणि काढलेलं इथे टाकावं.